रिअ‍ॅक्टिव्ह कुत्री, दोन लहान मुलं आणि सुट्टी, नोंद ७: दाराचं कोडं वेल्क्रोपाशी सुटलं

टिकली ही आमची रिअ‍ॅक्टिव्ह कुत्री, म्हणजे आवाज, बाहेरची कुत्री अशा गोष्टींवर चटकन भडकून भुंकणारी. तिच्यासकट सहा रात्रींच्या सुट्टीला जाण्याआधीचा दोन रात्रींचा सराव-मुक्काम झाला. मागच्या नोंदीतल्या यादीपैकी गाडीचा प्रवास, मझल (चावू नये म्हणून तोंडावर चढवायचं आवरण) आणि अनोळखी घरातली पहिली रात्र पास. दार, म्हणजे कोणी बाहेर निघताना टिकलीने मॅटवर शांत राहणं, नापास, तेही चारच्या चार वेळा. घरी दहापैकी नऊ वेळा जमणारी गोष्ट तिथे एकदाही जमली नाही, त्यामुळे ही नोंद बहुतेक दारावरच जाणार.

आधी पास झालेल्या गोष्टी उरकतो. गाडीत क्रेट (कुत्र्याचा पिंजरा) मागे, वर पातळ चादर, तीन बाजू झाकलेल्या आणि हवेसाठी एक उघडी. उलटीचं औषध (मॅरोपिटंट, पशुवैद्यांनी वजनावरून ठरवलेलं) निघण्याआधी किमान दोन तास, थोड्याशा खाण्याबरोबर. थांब्यावर क्रम पक्का: एक मोठा माणूस उतरून आजूबाजूला कुत्री आहेत का बघतो, दुसरा मुलांना गाडीपासून लांब नेतो, मग क्रेटचं दार जेमतेम हात जाईल इतकं उघडून दोरी लावायची. दोरीचं एक टोक हार्नेसला (छातीभोवतीच्या पट्ट्याला), दुसरं कॉलरला. दार पूर्ण उघडायचं ते त्यानंतर. दोरी एकाच ठिकाणी अडकवलेली असेल तर थांब्यावर कुत्रं हार्नेसमधून मागे सरकून निसटू शकतं.

मझलला सहा आठवडे दिले होते आणि ते कारणी लागले. आता टिकली २५ मिनिटं चालते आणि पंजाने ओढत नाही. नवीन घेणाऱ्यांनी मापाआधी एक बघावं: आत तोंड पूर्ण उघडून धापा टाकता आल्या पाहिजेत, पाणी पिता आलं पाहिजे. तोंड आवळून धरणारं कापडी मझल दवाखान्यातल्या एखाद्या मिनिटापुरतं ठीक, फिरायला अजिबात नको. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा कुत्र्याचा मुख्य मार्गच त्यात बंद होतो. आमचं बास्करव्हिल अल्ट्रा हे जाळीचं मझल गरम पाण्यात मऊ करून थोडा आकार देता येतो, रुंद थुतरीसाठी त्याचा उपयोग झाला.

आता दार.

मांडणी घरच्यासारखीच ठेवली होती. तीच मॅट, दारापासून साडेतीन मीटरवर, मध्ये बेबी गेट. मुलं (३ आणि ६ वर्षं) बाहेर निघाली की टिकली मॅट सोडून गेटवर, भुंकणं, उड्या. शांत व्हायला लागलेला वेळ ११, १४, २० आणि २६ मिनिटं. मला भुंकण्यापेक्षा या चढत्या आकड्यांची काळजी जास्त वाटते. आधीचा ताण उतरायच्या आत पुढचा चढतो आहे, म्हणजे सरळसरळ ट्रिगर स्टॅकिंग. आणि दारापाशी मुलं असताना हे परवडणारं नाही: तापलेला कुत्रा ज्याच्यावर चिडला त्याच्यापर्यंत पोचला नाही की शेजारी जो असेल त्याला चावू शकतो. तीन वर्षांच्या मुलाचा चेहरा उड्या मारणाऱ्या कुत्र्याच्या तोंडाच्या सहज टप्प्यात असतो.

पहिला अंदाज होता की घरचं शिकणं नव्या जागी उतरलं नाही. म्हणून पशुवैद्य आणि प्राणी-वर्तन तज्ज्ञ कॅरन ओव्हरॉल यांचा १५ दिवसांचा रिलॅक्सेशन प्रोटोकॉल (मॅटवर शांत राहायला शिकवणारा टप्प्याटप्प्याचा सराव) तिथे पहिल्या दिवसापासून घेतला. मुलं बाहेर अंगणात असताना टिकलीने त्यातल्या पहिल्या दोन दिवसांचे पाठ एका बैठकीत, न उठता पार केले. म्हणजे जागेचा दोष नाही.

दुसरा अंदाज प्रवासाच्या शिणाचा. दुसऱ्या दिवशी सकाळी, रात्रभर नीट झोप आणि ४० मिनिटं लाँग लाइनवर (लांब दोरीवर) मनसोक्त हुंगणं झाल्यावरही तेच. तिसरा अंदाज कडीचा आवाज. कडी वीस वेळा वाजवली, एकदाही उठली नाही.

मग व्हिडिओ पाहिले. फोन कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटरवर ठेवला होता. वरून घेतलेल्या व्हिडिओत तोंडाच्या कडा दिसत नाहीत, आणि सगळं तिथेच लिहिलेलं असतं. चारही वेळा कडी वाजण्याच्या ६ ते ९ सेकंद आधी तिचं तोंड मिटतं, कान पुढे येतात, वजन पुढच्या पायांवर जातं. आणि चारही वेळा त्या क्षणी आवाज एकच: मुलांच्या सँडलचा वेल्क्रो. चर्रर्र.

खात्रीसाठी मुलं झोपलेली असताना, दार बंद, कोणीही उभं नाही, अशा वेळी खुर्चीत बसून सँडलचा पट्टा एकदा ओढला. टिकली त्याच क्षणी उभी.

घरी हे का दिसलं नाही, याचं उत्तर चपलांच्या जागेत आहे. घरी सँडल दाराबाहेर असतात. वेल्क्रोचा आवाज बंद दारापलीकडून दबका येतो, आणि पाठोपाठ मुलांचं धावणं, किंचाळणं. जोडी महिनोन्महिने जमत होती, पण लांबून. या घरात सँडल आत, तिच्यापासून दोन मीटरवर चढवले गेले. शिवाय घरचा सगळा दार-सराव मोठ्यांच्या लेसच्या बुटांवर झालेला. परीक्षेत दहापैकी नऊ गुण मिळाले, पण प्रश्नपत्रिकेत मुख्य प्रश्नच नव्हता. दाराचा सराव करणाऱ्या सगळ्यांना कळकळीने सांगतो: निघतानाचा प्रत्येक आवाज आधी कागदावर लिहून काढा. चेन, किल्ल्या, बाटलीचं झाकण, टोपीचा पट्टा, स्ट्रोलर उघडल्याचा खटका, सगळे.

सोपा उपाय म्हणजे बिनपट्ट्याच्या चपला. त्या आणल्याही आहेत. पण वेल्क्रो मुलांच्या बॅगेला आहे, टोपीला आहे, बाटलीच्या कव्हरला आहे. म्हणून सरावही सुरू केला. पायऱ्या अशा:

१. अडीच सेंटिमीटर रुंद, ५ सेंटिमीटर लांब वेल्क्रोची जोडी. शेजारच्या खोलीत, दार लोटून, हळू सोलायची.
२. त्याच खोलीत ५ मीटरवरून, हळू.
३. ३ मीटरवरून हळू. ते जमलं की तिथूनच झटक्यात.
४. खरा सँडल, मोठ्या माणसाच्या हातात.
५. सँडल मुलाच्या पायात, मूल बसलेलं, मध्ये गेट.
६. मूल उभं राहतं.
७. मूल दारापर्यंत जातं आणि परत येतं. बाहेर जात नाही.

एका वेळी दहा आवाज, दिवसातून दोनदा, दोन आवाजांमध्ये २० ते ६० सेकंद, ठरावीक नाही. आवाज, मग एक सेकंद शांतता, मग मॅटवर खाऊचे पाच बारीक तुकडे. दहापैकी आठ वेळा तोंड सैल राहिलं तरच वरची पायरी. लागोपाठ दोन चुकले की एक पायरी खाली. अंतर, वेग आणि माणूस, यांतली एकच गोष्ट एका वेळी बदलायची.

दोन ठिकाणी घसरलो. एक, हात आधीच खाऊच्या पाऊचमध्ये जात होता. मग कुत्रं वेल्क्रो ऐकतच नाही, पाऊचची खसखस ऐकतं, आणि शिकणं भलत्याच आवाजाला चिकटतं. खाऊ आता शेजारच्या उघड्या वाटीत असतो आणि आवाजाआधी हात मांडीवर. दुसरं, फोनवर रेकॉर्ड केलेल्या आवाजाने सुरुवात केली होती. त्यावर पहिल्याच दिवशी दहापैकी दहा, आणि खऱ्या वेल्क्रोवर शून्य. कुत्र्यांना साधारण ४५ किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, माणसाला फार तर २०. फोनचं रेकॉर्डिंग आणि स्पीकर माणसाच्या कानासाठी बनवलेले. आपल्याला हुबेहूब वाटणारा आवाज तिच्यासाठी अर्धामुर्धा होता. फटाके, बेल, बाळाचं रडणं यांच्या ऑडिओवर सराव करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: शेवटच्या पायऱ्या खऱ्या वस्तूवरच घ्या.

अकरा दिवसांत पाचवी पायरी, दहापैकी आठ. चुकलेल्या दोन वेळांतही ४० सेकंदांच्या आत पुन्हा आडवी. नवव्या दिवशी संध्याकाळी चौथ्या पायरीवर चर्रर्र झालं आणि टिकलीने दाराकडे न बघता मान हाताकडे वळवली, खाऊ हलायच्याही आधी. तो अर्धा सेकंद व्हिडिओत कितीदा मागे-पुढे करून पाहिला, मोजला नाही. सव्वीस मिनिटांच्या भुंकण्यानंतर तो अर्धा सेकंद फार मोठा आहे.

हे लिहितानाच एक लक्षात आलं, आणि बेत बदलतो आहे. सातही पायऱ्या संपवून मगच निघायचं ठरलं होतं. पण मान हाताकडे वळते आहे तर वेल्क्रोला नुसतं बिनमहत्त्वाचं कशाला करायचं? तोच इशारा करावा: वेल्क्रो वाजला की मागच्या खोलीत जायचं. पाचव्या पायरीवरच थांबून खाऊ मॅटऐवजी मागच्या खोलीत, क्रेटपाशी पसरायचा. मुलं पुढच्या दाराकडे, कुत्री विरुद्ध दिशेला. सहावी-सातवी पायरी परत आल्यावर घेऊ. इशारा पक्का होईपर्यंत सुट्टीतला नियम एकच: आधी कुत्री मागे, खोलीचं गेट बंद, मग चपला.

त्यासाठी गेटं दोन लागतील. एक मागच्या खोलीच्या दाराला, दुसरं पॅसेजमध्ये किमान दीड मीटर पुढे, आणि एका वेळी एकच उघडं. भाड्याच्या घरात भिंतीला भोकं पाडता येत नाहीत, म्हणून दाबावर बसणारी. ती प्लास्टरवर सरकतात. सरावात पॅसेजमधलं गेट चौथ्या उडीत दोन सेंटिमीटर हललं, पण लाकडी चौकटीतलं जागचं हललं नाही. तेव्हा चौकट असेल तिथेच बसवा, रबरी चकत्या धूळ पुसून लावा, चारही स्क्रू सारखे आवळा आणि प्रत्येक धडकेनंतर हलवून बघा. उघडीप वर, मध्ये आणि खाली अशी तीनदा मोजायची; चौकट तिरकी असेल तर आपोआप बंद होणारं गेट लागतच नाही, ते नुसतं टेकून राहतं आणि बंद झाल्यासारखं दिसतं. ७५ सेंटिमीटरचं नेहमीचं गेट २२ किलोच्या कुत्रीसाठी अडथळाच नाही, १०५चं घेतलं. विकणारे ‘उंच’ एवढंच मोठ्या अक्षरांत लिहितात, गजांमधलं अंतर बघायला विसरू नका. सहा सेंटिमीटरच्या वर नको. आणि मांजरासाठी खाली छोटं दार असलेलं गेट लहान मुलांच्या घरात माझ्या मते घेऊच नये. मुलाचा हात आधी तिथूनच आत जातो. खालची आडवी पट्टी पायात येते, तिच्यावर भडक रंगाची टेप लावा.

खिडक्यांना पाण्यावर चिकटणारी धूसर फिल्म लावली, गोंद नसलेली. काचेपेक्षा दोन मिलिमीटर कमी कापून साबणाच्या पाण्याचा फवारा मारायचा आणि वायपरने मधून कडेकडे हवा काढायची. निघताना सोलून, गुंडाळून परत. बाहेरच्या कुत्र्यांवरचं खिडकीतलं भुंकणं जवळजवळ थांबलं. इतक्या कमी कष्टांत इतका फरक पाडणारी दुसरी वस्तू या यादीत नाही.

सहा वर्षांच्या मोठ्या मुलाला काम हवं होतं, म्हणून खाऊची नळी केली. ५ सेंटिमीटर व्यासाचा, ७५ सेंटिमीटर लांब पीव्हीसी पाइप, गेटला केबल टायने ४५ अंशांत बांधलेला. तो बाहेरून दाणा टाकतो, दाणा आत वाटीत पडतो, हात गेटजवळही जात नाही. मऊ तुकडे आत चिकटतात, कोरडेच वापरा. कापलेली कड घासून गुळगुळीत करा. खाण्यावरून गुरगुरणारा कुत्रा असेल तर हा प्रकार करू नका. तीन वर्षांच्या धाकट्याला सध्या नळी नाही. गेटपाशी टेपची रेघ आहे, तिच्या अलीकडे थांबणं एवढंच त्याचं काम. आणि टिकली मोकळी असताना मुलांसोबत मोठा माणूस हाताच्या अंतरावर, फोन खाली ठेवून.

पशुवैद्यांशी प्रवासासाठीच्या शांत करणाऱ्या औषधाबद्दल बोलणं सुरू आहे. ठरलं तर पहिला डोस घरी, साध्या दिवशी, कारण काही कुत्री शांत व्हायच्या ऐवजी उलट अस्वस्थ होतात आणि ते गाडीत कळून उपयोग नाही. एसप्रोमाझिन (सुस्ती आणणारं औषध) एकटंच देऊ नये, या मताचा मी आहे: शरीर सुस्त होतं, भीती तशीच राहते, आणि आपल्याला ती दिसेनाशी होते.

सुट्टीचे दिवस एक आड एक लावले आहेत. बाहेर जायच्या दिवसानंतर टिकलीला एक रिकामा दिवस, त्यात फक्त हुंगणं आणि झोप. शांत व्हायचा वेळ एकाच दिवशी दोनदा दहा मिनिटांच्या वर गेला, तर उरलेल्या दिवसांत मुलांचं फिरणं एका मोठ्या माणसाबरोबर आणि कुत्री दुसऱ्याबरोबर घरी. हे निघायच्या आधी ठरलेलं बरं, ऐन वेळी ‘एकदा बघू’ असं होतं.

आजच्या सत्रात नवीन अडचण निघाली. धाकट्याच्या दुसऱ्या सँडलला दोन पट्टे आहेत. पहिल्या चर्रर्रला टिकली आडवीच राहिली, दुसऱ्याला उठून बसली. दोन आवाजांची जोडी तिच्यासाठी वेगळा आवाज आहे असं दिसतं. उद्यापासून दोन पट्ट्या एकामागून एक, ३ मीटरवरून, हळू.