रिपोर्ट येईपर्यंत केमो थांबवली

कागलकडच्या एका गावातून मुलगा आईला घेऊन कोल्हापूरला आमच्या ओपीडीत आला, तेव्हा त्या माउलीला चार पावलं टाकतानाही धाप लागत होती. छातीत पाणी झालेलं आणि आधी कुठेतरी क्षयाची औषधं चालू होती. आपल्याकडे हे फार वेळा घडतं, एक्सरेत सावली दिसली की आधी टीबीच आठवतो. बायोप्सीत फुप्फुसाचा ॲडिनोकार्सिनोमा, म्हणजे कर्करोगाचा एक प्रकार, निघाला, हाडांपर्यंत पसरलेला.

"डॉक्टरसाहेब, आईनं साधी मिसरीबी कधी लावली न्हाई," मुलगा पुन्हा पुन्हा सांगत होता.

मला तेच महत्त्वाचं वाटलं. कधीच धूम्रपान न केलेल्या बायकांच्या या कर्करोगात ईजीएफआर या, पेशीला वाढायला सांगणारं प्रथिन बनवणाऱ्या जनुकातला बदल पुष्कळदा सापडतो, आणि तो असला तर केमोऐवजी त्या प्रथिनाला रोखणारी गोळी देता येते. पाहुणे म्हणत होते, केमो उद्याच चालू करा. मी छातीतलं पाणी काढून तिचा श्वास मोकळा केला, बायोप्सीचा ब्लॉक जनुकीय तपासणीला पाठवला आणि रिपोर्टपर्यंत थांबायचं ठरवलं. घरच्यांना थांबवणं अवघड गेलं.

मुलगा उसाचा शेतकरी. त्याला म्हटलं, "विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटला, तर बटण दाबूनही मोटार बंद होत नाही ना? तसंच झालंय. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारं प्रथिन चालू स्थितीत अडकलंय." ते प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीतला ऊर्जेचा रेणू, जिथे धरतं, त्याच खाचेत जेफिटिनिब हे औषध जाऊन बसतं आणि पुढचे संदेश तुटतात. कोणाला हे औषध लागू पडतं, याचं कोडं २००४ साली हा बदल सापडल्यावर सुटलं.

रिपोर्ट आला: ईजीएफआर जनुकाच्या एक्झॉन १९ या भागात डिलीशन, म्हणजे एक तुकडा गळालेला. गोळी लागू पडण्यासारखाच हा बदल. ओसिमर्टिनिब हे याच गटातलं नंतरचं औषध जास्त काळ काम करतं, पण त्याचा महिन्याचा खर्च ऐकून मुलाने मान खाली घातली. जेफिटिनिबच्या इथल्या कंपन्यांच्या गोळ्या आवाक्यातल्या होत्या. रोज २५० मिलिग्रॅमची एक गोळी.

महिन्याच्या आत ती स्वतः जिना चढून आली! चेहऱ्यावर पुरळ होतं, अधूनमधून जुलाब होत होते, पण धाप गेली होती. एक्सरे लाइटबॉक्सवर लावला आणि मी बराच वेळ बघत राहिलो.

मुलाला त्याच दिवशी बाजूला घेऊन सांगितलं, की हा आजार मुळासकट गेलेला नाही. बहुतेकदा वर्षभराच्या आसपास पेशी दुसरी वाट काढतात. साधारण निम्म्या रुग्णांत टी७९०एम नावाचा नवा बदल होतो, आणि तो सापडला तर ओसिमर्टिनिब द्यावं लागतं.

"मग आत्तापासनंच पैसं बाजूला ठेवतो," तो म्हणाला. आई तोवर सिस्टरला पुरळावरचं मलम विचारत होती.