व्ही म्हणजे कॅमेऱ्याचा हिरवा नव्हे

एका नवताऱ्याचा, म्हणजे अचानक उजळलेल्या ताऱ्याचा, वर्णपट (उजेड रंगांत फोडून काढलेला आलेख) पाठवला होता. तीन आठवडे वाट पाहिल्यावर एका ओळीचं उत्तर आलं: फ्लक्सची, म्हणजे पोचणाऱ्या उजेडाची, पातळी जुळत नाही. कुठं जुळत नाही, काहून जुळत नाही, काही नाही. आजही आठवलं की डोकं फिरतं.

शर्मिष्ठेतला तो नवतारा, व्ही १४०५ कॅस, मार्च २०२१ मध्ये सापडला आणि मग कितीतरी महिने त्याचं तेज वर-खाली होत राहिलं. उन्हाळ्यात शर्मिष्ठा पहाटे उगवणार, त्यानंतर आपला पावसाळा. मला तो नीट गवसला नोव्हेंबरमध्ये, नागपुरातल्या मानेवाड्याच्या गच्चीवरून. वर्णपट घेणं, तरंगलांबी लावणं दोन रात्रींत उरकलं.

अडलं शेवटच्या पायरीवर. ताऱ्याचा किती उजेड स्लिटच्या, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या बारीक फटीच्या, कडांवर वाया गेला, ते त्या रात्रीच्या हवेवर आणि गायडिंगवर, म्हणजे दुर्बीण ताऱ्यामागे किती नेमकी फिरली त्यावर. त्यामुळे वर्णपटाचा आकार बरोबर येतो, उंची कळत नाही. ती त्याच रात्रीच्या तेजावरून बसवायची. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम! व्ही प्रत, म्हणजे व्ही नावाच्या ठरावीक फिल्टरमधून मोजलेल्या तेजाचा आकडा (जितका मोठा तितका तारा मंद), ८ असेल तर ०च्या मानानं फ्लक्स सुमारे १५८५ पट कमी. ५५०० अँगस्ट्रॉमवर (तरंगलांबीचं एकक) तेवढी उंची धरली आणि सगळा वर्णपट ओढून बसवला.

साध्या ताऱ्याला हे चालून जातं. नवताऱ्याच्या अंगावर मात्र उत्सर्जन रेषांचं, म्हणजे ठरावीक तरंगलांबीवरच्या चमकदार शिखरांचं, पीक असतं, आणि व्ही फिल्टर साधारण ४७०० ते ७००० अँगस्ट्रॉममधला सगळाच उजेड मोजतो. रेषांची कमाई मी मधल्या सपाट भागाच्या खात्यावर जमा केली होती. खरं तर वर्णपटाला फिल्टरच्या वक्रानं गुणायचं, बेरीज करायची आणि ती बेरीज प्रतीशी जुळवायची.

तेही केलं. पातळी अजून जास्तच! आठ दिवस स्वतःच्या स्क्रिप्टमध्ये चूक शोधत बसलो. घरचे म्हणाले, तारा तिकडं फुटला, इथं तू काहून फुटतोस?

चूक प्रतीतच होती. ती मीच डीएसएलआरच्या हिरव्या चॅनलनं मोजली होती, वर त्याचा अभिमान. हायड्रोजन-बीटाची रेषा ४८६१ वर येते. तिथं व्ही फिल्टर जेमतेम १० टक्के उजेड सोडतो, कॅमेऱ्याचा हिरवा त्याहून कितीतरी जास्त. नवतारा माझ्या कॅमेऱ्यात उगाच तेजस्वी दिसत होता. रंगाची दुरुस्ती लावली होती, पण ती ज्या ताऱ्यांवरून काढतो त्यांना असल्या रेषा नसतात, मग ती काय कामाची?

म्हणून एएव्हीएसओच्या (बदलत्या ताऱ्यांच्या नोंदी ठेवणारी संस्था) नोंदींतून फक्त व्ही फिल्टरच्या नोंदी घ्या. डोळ्यांनी केलेले अंदाज नकोत, हिरव्या चॅनलच्या तर नकोतच. वेळही तपासा. नोंदींतला ज्युलियन दिवस, म्हणजे खगोलात सलग मोजलेला दिवसाचा आकडा, आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला बदलतो, त्यामुळे आपली अख्खी रात्र एकाच आकड्यात मावते. मी एकदा आदल्या रात्रीची प्रत उचलली होती, आणि हा नवतारा एका रात्रीतही बदलायचा.

दुरुस्त वर्णपट परत पाठवला. या वेळी ती एक ओळही आली नाही, फक्त यादीत नाव दिसलं. त्या दिवशी हल्दीरामचे समोसे मी स्वतःच्या पैशानं खाल्ले.

हो, एक राहिलंच. उपकरण कुठल्या रंगाचा किती उजेड पकडतं तो प्रतिसाद काढायला ए किंवा बी प्रकारचा (तापलेला, पांढरा-निळसर) तारा घ्याल, तो नवताऱ्याच्याच उंचीवर असताना घ्या. माझा पहिला तारा खाली क्षितिजाकडे होता, त्यानं निळी बाजू खोटीच उचलून धरली होती.