रत्नागिरीहून दिल्लीच्या जानेवारीत: मुलाखतीचे कपडे कसे जमवले

मुलाखतीच्या पत्रात कपड्यांबद्दल एकच ओळ होती: औपचारिक पोशाख अपेक्षित. ठिकाण दिल्ली, महिना जानेवारी, हजेरी सकाळी साडेआठला. कॅटचा निकाल मनासारखा लागला होता, व्यवस्थापनाच्या शिक्षणासाठी बोलावणं आलं होतं, आणि माझ्या कपाटात थंडीचं म्हणावं असं फक्त मावशीने विणलेलं एक स्वेटर होतं. रत्नागिरीत जानेवारीच्या दुपारी पारा तिशी ओलांडतो, पहाटे फार तर १८-१९ पर्यंत उतरतो. दिल्लीत त्याच दिवसांत रात्रीचा पारा ७-८ च्या आसपास असतो आणि धुकं बसून राहिलं तर दुपारीही हुडहुडी जात नाही. प्रश्नोत्तरांची तयारी करून घेणारे खूप भेटले. किनाऱ्यावरच्या मुलीने तिथे नक्की काय घालून जावं, हे नीट सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून हे सविस्तर.

थंडी मला अगदीच अनोळखी नव्हती. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेतल्यापासून मी मिरजोळे एमआयडीसीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. गोठवलेला माल उणे १८ अंशांत ठेवतात आणि नमुने काढायला, तापमान तपासायला आत जावं लागतं. तिथे एक गोष्ट पक्की कळते. जाड जाकिटाने माणूस उबदार राहतोच असं नाही. बाहेर घामाघूम होऊन तसाच आत गेलेला कामगार पाच मिनिटांत कुडकुडायला लागतो, कारण अंगाला चिकटलेला सुती बनियन ओला असतो. कोरड्या अंगाने, दोन-तीन पातळ थर घालून गेलेला माणूस निवांत काम करतो. त्यामुळे दिल्लीसाठी विचार सुरू केला तो कोटापासून नाही, अंगाला लागणाऱ्या कपड्यापासून.

त्याआधी घरात साडीचा विषय झाला. आईचं म्हणणं सरळ होतं. ‘अगो, साडीत तू मोठी दिसतेस, समोरच्यावर छाप पडते. नेस ना माझी रेशमी.’ तिचं चुकीचं नव्हतं. साडी पूर्णपणे औपचारिक आहे. माझी एक वर्गमैत्रीण बँकेच्या मुलाखतीला साडीच नेसून गेली होती: पूर्ण बाहीचा, बंद गळ्याचा ब्लाउज, परकराच्या आत थर्मल लेगिंग, खांद्यावर पिन लावलेली पातळ लोकरी शाल. ती छान निभावली. पण ती रोज साडीत वावरणारी. मी रोज गमबूट आणि एप्रनमध्ये वावरते. अनोळखी शहरात, गारठ्यात, हातात फाइल घेऊन जिने चढताना निऱ्यांकडे लक्ष ठेवायची मला सवय नाही, आणि मुलाखतीच्या दिवशी नवी सवय लावायची माझी इच्छा नव्हती. ज्यात आपण अंग विसरून बोलू शकतो तो आपला पोशाख. आईला हे पटलं, आणि शर्ट, पँट, ब्लेझर असं ठरलं.

दिल्लीत शिकणारी आमच्या कॉलेजची एक ताई आहे. तिला फोन केला तर तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘बाहेरचा कोट काढल्यावर तू कशी दिसशील?’ तिने समजावलं ते असं. तिकडच्या इमारतींत सगळीकडे सारखी ऊब नसते. रस्त्यावर गारठा, प्रतीक्षेच्या हॉलमध्ये कधी कधी त्याहून जास्त, आणि मुलाखतीच्या लहानशा खोलीत मात्र हीटर किंवा ब्लोअर चालू. जाड जाकीट घालून आत बसलं तर घाम फुटतो, चेहरा लाल होतो. शिवाय बाहेरचा कोट घालून समितीसमोर बसणं बरं दिसत नाही. तेव्हा कोट दाराबाहेर उतरवायचा हे धरूनच चालायचं आणि आतली जोडी एकटीने पूर्ण दिसली पाहिजे. ब्लेझर मात्र अंगावरच राहतो. म्हणून ऊब आतल्या थरांत हवी आणि ब्लेझर पातळ, पण खऱ्या लोकरीचा हवा.

आता कापड. इथल्या दुकानांत सूटिंग म्हणून समोर येतं ते बहुतेक टेरीकॉट किंवा टेरीवूल. आपल्या दमट हवेला टेरीकॉट ठीक आहे, लवकर वाळतं, चुरगळत नाही. पण त्यात ऊब नाही. टेरीवूलमध्ये पॉलिएस्टर किती आणि लोकर किती हे कापडाच्या काठावर किंवा चिठ्ठीवर छापलेलं असतं, ते वाचल्याशिवाय घेऊ नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के ओलावा पोटात घेते तरी हाताला ओली लागत नाही. घाम अंगावर साचत नाही याचं कारण हेच. इथल्या बाजारात, राम आळीत, मला हवं तसं मिळेना, म्हणून कोल्हापूरची एसटी धरली. आमच्याकडे लग्नाचा बस्ता असो नाहीतर मोठ्या डॉक्टरांकडे जायचं असो, आंबा घाट चढावाच लागतो. तिथे लोकरीचं प्रमाण जास्त असलेलं गडद निळं कापड मिळालं. काळा रंग मुद्दाम टाळला. त्यावर प्रत्येक धागा, प्रत्येक केस उठून दिसतो, आणि थंड कोरड्या हवेत कपडे विजेने भारले जाऊन असले धागे खेचतात. राखाडीही चालला असता. निळा माझ्या सावळ्या रंगाला जास्त शोभतो, एवढंच कारण.

तयार ब्लेझर घ्यावा की शिवून घ्यावा? मी तयार ब्लेझर घालून पाहिले. बायकांच्या तयार ब्लेझरना बाहेरून खिसे दिसतात, पण बरेचदा ते नुसते शिवलेले पट्टे असतात, आत पिशवीच नसते. मला खिसा हवाच होता, त्याचं कारण पुढे येईल. म्हणून शिवायचं ठरवलं.

आमचे टेलर चाचा वडिलांचे कपडे शिवत आले आहेत. माप द्यायला गेले तेव्हा मी पिशवीतून थर्मल आणि पातळ लोकरी स्वेटर काढलं आणि म्हटलं, ‘चाचा, हे घालून येते, त्यावरून माप घ्या.’ दुपार होती, पंखा फिरत होता तरी गदगदत होतं. चाचांनी क्षणभर पाहिलं आणि म्हणाले, ‘बरोबर आहे बेटी. नाहीतर मुंढ्यात धरेल.’ मुंढा म्हणजे बाही खांद्याला जोडतात ती जागा. या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट मला हीच वाटते. इथे, उकाड्यात, नुसत्या शर्टावर माप दिलं तर ब्लेझर इथे सुंदर बसतो आणि तिकडे दोन थर आत गेले की बटण लागत नाही, हात वर होत नाही. थोडा सैल शिवा असं सांगणंही पुरेसं नाही. सैल म्हणजे टेलर घेर वाढवतो, आणि अडतं ते मुंढ्यात आणि पाठीच्या वरच्या भागात.

चाचांनी आणखी काही शिकवलं. खांद्याची शिवण खांद्याच्या टोकावरच संपली पाहिजे, कारण बाही आखूड करता येते, कंबर दाबता येते, पण खांदा पुन्हा उघडायचा म्हणजे ब्लेझर नव्याने शिवण्यासारखंच. बाही मनगटाच्या हाडापर्यंत, म्हणजे शर्टाचा कफ सुमारे एक सेंटीमीटर बाहेर दिसतो. अस्तर पूर्ण लावायचं, नाहीतर स्वेटरवर कापड अडकून गोळा होतं. पँटलाही गुडघ्याच्या खालपर्यंत अस्तर लावून घेतलं. आणि ब्लेझरच्या मागच्या चिरेवर, म्हणजे खालच्या उघड्या फटीवर, कच्चा टाका असतो तो घालायच्या आधी उसवायचा. तयार ब्लेझरच्या चिरेवरही असा फुलीसारखा टाका असतो आणि कितीतरी जण तो तसाच ठेवून फिरतात.

आतल्या थरांचं सांगते. थर्मल रुंद गळ्याचं घ्यावं, म्हणजे शर्टाच्या कॉलरमधून डोकावत नाही. पांढऱ्या शर्टाच्या आत पांढरं थर्मल उठून दिसतं, अंगाच्या रंगाचं दिसत नाही. शर्ट मी फिक्कट निळा, जाडसर कापडाचा घेतला. त्यावर बिनबाह्यांचं, व्ही गळ्याचं राखाडी स्वेटर. बाह्या नसल्या की ब्लेझरच्या हाताला मोकळीक राहते आणि छाती-पाठ झाकलेली राहते. मावशीचं स्वेटर फार जाड, ते प्रवासात वापरलं. सगळ्यावरून घालायचा लांब गरम कोट ताईने तिचाच दिला. एका दिवसासाठी तेवढा खर्च करायला नको, हे तिचंच म्हणणं होतं.

बुटांकडे लोक शेवटी बघतात. मी आधी पाहिले, कारण चपलांत वाढलेल्या पायांना बंद बूट सवयीचे व्हायला वेळ लागतो. चामड्याचे, बसक्या टाचेचे, रबरी तळाचे घेतले. धुक्याच्या दिवसांत दारातल्या फरशीवर ओल असते आणि गुळगुळीत तळ सरकतो. दुकानातही लोकरी मोजे घालूनच माप पाहिलं. मग रोज संध्याकाळी घरात घालून फिरत राहिले, भाजी चिरताना, वाचताना.

एक अडचण खास माझी होती, पण मासळीशी नातं असलेल्या इथल्या बऱ्याच घरांना ती लागू पडेल. लोकर वास धरून ठेवते. सुती कपडा धुतला की मासळीचा वास जातो, लोकरीचा ब्लेझर असा धुता येत नाही. म्हणून तो माझ्या रोजच्या कपड्यांच्या कपाटात ठेवलाच नाही. काकूकडे, वरच्या खोलीत, सुती पिशवीत घालून टांगला. कारखान्यातून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही असा नियम केला. आपल्या कामाची मला अजिबात लाज नाही. मुलाखतीत मी अभिमानाने त्याबद्दलच बोलणार होते, पण ते शब्दांनी कळावं, वासाने नको.

प्रवास मंगला एक्सप्रेसने केला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी पोचायचं ठरलं होतं, पण धुक्याच्या दिवसांत उत्तरेकडच्या गाड्या रखडतात, म्हणून त्याहून एक दिवस आधीचं तिकीट काढलं. भोपाळ मागे पडलं तसा डब्यातला गारठा वाढत गेला आणि ग्वाल्हेरजवळ खिडकीबाहेर पांढऱ्याशिवाय काही दिसेना. गाडी उशिरा पोचली, पण हाताशी दिवस होता. ताईच्या खोलीवर ब्लेझर टांगला, पँटवर ओला रुमाल पसरून इस्त्री केली. थेट इस्त्री फिरवली तर लोकरीवर चकाकी येते, हेही चाचांनीच सांगितलेलं. आईने डबीत कोकमाचं तेल दिलं होतं. ओठ आणि टाचा तिथे एका रात्रीत फुटायला लागतात, त्याला त्यासारखं दुसरं काही नाही.

मुलाखतीच्या दिवशी आधी कागदपत्रांची तपासणी, मग हाताने निबंध लिहायचा, मग मुलाखत, असा क्रम होता. हॉलमध्ये चांगलाच गारठा होता. माझ्या शेजारच्या मुलाने भारी सूट घातला होता, पण त्याची बोटं आखडली होती. तो पेन धरायच्या आधी हात एकमेकांवर घासत होता. खिसा मला हवा होता तो यासाठीच. शीतगृहात आधी बोटं जातात हे मला माहीत होतं. पातळ लोकरी हातमोजे निबंधाच्या क्षणापर्यंत हातात होते, मग खिशात गेले, लिहून झालं की पुन्हा हातात. माझ्याकडे हातमोज्यांच्या दोन जोड्या होत्या, त्यातली एक मी त्याला दिली. अक्षर आणि वेळ, दोन्ही त्या निबंधात मोजले जातात.

माझं नाव पुकारल्यावर कोट आणि पिशवी बाहेरच्या खुर्चीवर ठेवली, हातमोजे खिशात सरकवले आणि फाइल घेऊन आत गेले. खोलीत खरंच हीटर होता. ब्लेझरचं बटण उभं असताना लावलेलं, बसताना सोडलं. समितीत तिघे होते. त्यांनी सुरिमीबद्दल, म्हणजे माशाचं मांस धुऊन, दळून केलेल्या लगद्याबद्दल विचारलं: राणीमाशासारख्या स्वस्त माशापासून निर्यातीचा माल कसा होतो, त्यात मच्छीमाराच्या हाती किती उरतं, बर्फाचा खर्च कोण सोसतं. मी मिरकरवाड्याच्या जेटीवरचं रोजचं गणित सांगत गेले. त्या सगळ्या वेळात मला ना थंडी वाजली, ना बाही ओढावीशी वाटली. कपड्यांकडून मला एवढंच हवं होतं आणि ते मिळालं.

प्रवेश मिळाला. जूनमध्ये जायचं आहे. ब्लेझर मात्र तोवर इथे लटकत राहणार नाही. देवगडच्या एका मैत्रिणीची फेब्रुवारीत लखनौला मुलाखत आहे. तिचे खांदे माझ्याएवढेच आहेत, हे आम्ही आधी फितीने मोजून पाहिलं. कंबर चाचा दाबून देणार आहेत, कापड न कापता, म्हणजे नंतर उसवता येईल. तिला मी तीन गोष्टी बजावल्या आहेत: थर्मल घालूनच एकदा अंगावर चढवून बघ, परत देताना ड्राय क्लीन करून दे, आणि पाऊस लागायच्या आत दे. आमच्याकडे पावसाळ्यात बंद कपाटातल्या लोकरीला आठवड्यात बुरशी धरते. तेव्हा तो मेमध्ये सावलीत वारा देऊन आणि सिलिका जेलच्या पुड्या घालून मीच बांधून ठेवणार आहे.