परातीतला लॉर्ड

आमच्याकडे पोळ्यांच्या मावशी सकाळी साडेनवाला येतात. त्या कणीक मळायला बसल्या की ओट्याकडे कुणी फिरकत नाही. "आल्या लाटसाहेब," असं माझे वडील एकदा म्हणाले होते, अर्थात अगदी हळू आवाजात.

लाटसाहेब हा शब्द लाटण्यावरून आला असणार, असं मला लहानपणी खरंच वाटायचं. पोळपाटाशी बसलेल्या माणसाचा रुबाब मी रोज बघतच होतो. पुढे कळलं की तो इंग्रजी 'लॉर्ड'वरून आलाय. गव्हर्नर-जनरल तो बडा लाट, सरसेनापती तो जंगी लाट. आपल्या जिभेनं लॉर्डची लाट करून टाकली. आणि त्याच्याही पुढे कळलं ते असं की, लहानपणीचा माझा अंदाज शब्दापुरता चुकला असला तरी स्वयंपाकघर काही चुकलेलं नव्हतं.

हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत पावाला 'ह्लाफ' म्हणत. आजचा 'लोफ' तो हाच. 'वेअर्ड' म्हणजे राखणारा. पाव राखणारा तो ह्लाफवेअर्ड, त्याचा झाला ह्लाफोर्ड. मग सुरुवातीचा ह गेला, मधला फ आधी व झाला आणि नंतर गिळलाच गेला. उरला लॉर्ड. म्हणजे ज्याच्या ताब्यात घरची भाकरी, तो धनी. तलवार, घोडा, जमीनजुमला यातलं काहीही त्या शब्दात नाही.

त्याची बायको 'ह्लॅफडिगे'. यातली 'डिगे' म्हणजे मळणारी. हिचीच पुढे 'लेडी' झाली. मळलेल्या पिठाला इंग्रजीत 'डो' म्हणतात, तो त्याच मुळाचा. ते मूळ आणखी खाली खणत गेलं की संस्कृतातला 'दिह्' लागतो, म्हणजे लिंपणे, आणि त्यावरून आपला 'देह'. कणकेचा गोळा आणि देह ही सख्खी भावंडं निघावीत! पोळ्यांनी वाढलेल्या माझ्या पोटाकडे बघून मला हे ताबडतोब पटलं.

या घरात तिसरा एक माणूस होता, 'ह्लाफॅटा', पाव खाणारा. म्हणजे चाकर. इंग्लंडातल्या केंटचा राजा एथेलबर्ट यानं सातव्या शतकाच्या सुरुवातीला केलेल्या कायद्यात तो भेटतो. कुणी शेतकऱ्याच्या ह्लाफॅटाला ठार मारलं तर भरपाई 6 शिलिंग. आपल्याकडे पोटावारी गडी ठेवत, तसलाच हा. 'ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी' हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नसणार. मला वाईट वाटतं ते याचं, की राखणारा आणि मळणारी दोघं थोर होऊन भाषेत राहिली आणि खाणाऱ्याचा शब्द पार मेला.

लॉर्ड मात्र चढत गेला. बायबलात देवाला लॉर्ड म्हणू लागले. वेस्टमिन्स्टरमध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेत, लॉर्डांचं एक अख्खं सभागृह झालं. आपल्याकडच्या उच्च न्यायालयांत 'माय लॉर्ड' इतकं मुरलं की बार कौन्सिल या वकिलांच्या शिखर संस्थेनं 2006 साली हे संबोधन वसाहतीच्या काळाचं उष्टं आहे, 'युवर ऑनर' पुरे, असं नियमात लिहिलं. तरी वकिलांच्या तोंडून ते जाता जात नाही. आमचे इंग्रजी पेपर तर विठोबालाही 'लॉर्ड विठ्ठल' करतात. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या माणसाला लॉर्ड म्हणणं मला जरा जड जातं.

याउलट लंडनचं लॉर्ड्स मैदान. दिलीप वेंगसरकरांनी तिथे 1979, 1982 आणि 1986 अशी तीन कसोटी शतकं काढली, तेव्हा उमरावांच्या अंगणात आपल्या माणसानं झेंडा गाडल्याचा आनंद आम्हाला झाला होता. प्रत्यक्षात त्या मैदानाचा उमरावांशी काही संबंध नाही. थॉमस लॉर्ड नावाच्या, दारूचाही व्यापार करणाऱ्या एका क्रिकेटपटूनं ते काढलं. दोनदा जागा बदलून 1814 साली आत्ताच्या जागी आणलं. ते निव्वळ आडनाव आहे. आपल्याकडे एखाद्या राजे आडनावाच्या गृहस्थानं मंगल कार्यालय काढावं, तसं. खरा लॉर्ड आम्हाला मिळाला तो पालघरचा. क्रिकेटपटू शार्दूल ठाकूरला पोरांनी आधी थट्टेनं लॉर्ड म्हटलं, मग ब्रिस्बेन आणि ओव्हलच्या कसोटींतल्या त्याच्या खेळानंतर थट्टा कुठे संपली आणि कौतुक कुठे सुरू झालं ते कुणालाच सांगता येईना.

लेडीची वाट वेगळी. राणीच्या पंगतीला बसणारी ती हळूहळू सगळ्यांची झाली आणि मुंबईत लोकलच्या डब्यावर जाऊन बसली. लेडीज डबा! पहाटे उठून कणीक मळलेल्या, पोळीभाजीचे डबे पिशवीत घेतलेल्या बायका त्यात चढतात, तेव्हा तो शब्द नकळत आपल्या माहेरी येतो. आपली 'बाई' नेमकी उलटी उतरली. जिजाबाई, अहिल्याबाई, लक्ष्मीबाई. आणि आता 'आमच्याकडची बाई आज आली नाही'. मावशींना मी मावशी म्हणतो ते त्यामुळेच. बाई म्हणायला जीभ रेटत नाही.

हे सगळं मी परवा मावशींना सांगितलं. त्या उंडा हातावर थोपटत ऐकत होत्या.

"म्हंजे मळणारी ती लेडी?"

"हो."

"आन् राखणारा लॉर्ड. तुमी पीठ तरी राखता का? परवा डब्यात पोरकिडे झालेले, मी चाळून घेतलं."

मी गप्प.

"आन् नुसता खाणारा, त्याला काय म्हणायचे?"

मी चौथी पोळी ताटात घेतली आणि म्हणालो, "तो शब्द आता राहिला नाही मावशी."

"शब्द नसंल," त्या म्हणाल्या, आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.