स्विचचं तापमान वाचायची परवानगी: माझा अनुभव

आमच्या नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कंपनीत सर्व्हर रूमच्या तापमानाची देखरेख नवतपाच्या, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांच्या, आधी सुरू व्हायला हवी होती. झाली पाऊस लागल्यावर. एका परवानगीपायी अख्खा उन्हाळा गेला, त्याचा राग अजून आहे.

सर्व्हरचं काम एका दुपारीत झालं. सर्व्हरमध्ये त्याच्या तब्येतीवर नजर ठेवणारी बीएमसी नावाची वेगळी चिप असतेच. तिला आयपीएमआय या ठरलेल्या पद्धतीने विचारलं की इनलेट (आत शिरणारी हवा) आणि प्रोसेसरचं तापमान, पंख्यांचे फेरे सगळं सांगते. झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरमध्ये टेम्प्लेट जोडलं आणि आलेख सुरू.

अडलं कोअर स्विचपाशी, म्हणजे सगळं नेटवर्क ज्यातून जातं त्या मुख्य यंत्रापाशी. त्याची देखभाल वार्षिक करारावर बाहेरच्या कंपनीकडे, अ‍ॅडमिन पासवर्डही त्यांच्याकडेच. मला हवा होता एसएनएमपीचा (नेटवर्क उपकरणांकडून माहिती मागवायची पद्धत) फक्त वाचण्यापुरता यूजर. त्यांच्याकडे मागणीचं तिकीट टाकलं, तर ‘डिव्हाइस चालू आहे’ असा शेरा मारून बंद केलं. पुन्हा टाकलं, तेव्हा चेंज रिक्वेस्टचा फॉर्म आला. डाउनटाइम किती, म्हणजे काम किती वेळ बंद राहील, हा रकाना सक्तीचा. यूजर जोडायला स्विच बंद करावा लागत नाही, म्हणून शून्य लिहिलं; पोर्टल शून्य घेईना. फोन केला की नवा माणूस, आणि उत्तर तेच, ‘सर, सिक्युरिटी पॉलिसी आहे.’

सुरक्षेची काळजी मलाही आहे. एसएनएमपीच्या व्हर्जन 2सीमध्ये कम्युनिटी स्ट्रिंग, म्हणजे पासवर्डसारखा परवलीचा शब्द, नेटवर्कवरून उघडीच जाते. म्हणूनच मी व्हर्जन 3 मागितलं होतं, पासवर्ड आणि एन्क्रिप्शनसकट, आणि एसएनएमपीचं यूडीपी 161 हे पोर्ट फक्त आमच्या मॉनिटरिंग सर्व्हरच्या आयपीसाठी उघडा म्हटलं होतं. अर्जात हे सगळं होतं, पण तो पूर्ण वाचायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. इकडे बाहेर पारा 45 च्या वर. दुपारी रूमचं दार उघडलं की स्विचचे पंखे पूर्ण वेगाने ओरडताना ऐकू यायचे आणि त्याच्या आत नेमके किती अंश आहेत ते मला कळायला मार्ग नव्हता. उपकरण आमच्या पैशांचं, आमच्या छताखालचं, आणि त्याला ताप किती हे विचारायचीही बंदी!

गाठ सुटली ती खरेदी विभागातल्या ताईंमुळे. त्यांनी जुन्या फाइलमधून मूळ करार काढून दिला. लेखी मागणी केल्यास ग्राहकाला लॉगिन द्यावं, असं स्पष्ट कलम त्यात होतं. कलमाचा क्रमांक टाकून मेल केला, आमच्या जीएम साहेबांना सीसीत ठेवलं. यूजर लगेच तयार झाला. कमांड जेमतेम चार ओळींची. तेव्हा, भाऊ, करार नव्याने होत असेल तर वाचण्यापुरत्या लॉगिनची अट सही करण्याआधी घालून घ्या.

एसीच्या रिमोटवर दिसणाऱ्या 22 वर विसंबू नका. अ‍ॅश्रे या वातानुकूलन अभियंत्यांच्या संस्थेची शिफारस 18 ते 27 अंशांची आहे आणि ती उपकरणात शिरणाऱ्या हवेची. गरम हवा वर चढते, म्हणून सेन्सर रॅकच्या (उपकरणं बसवायची उभी चौकट) पुढच्या बाजूला, वरच्या भागात लावा. मी बर्डीवरून (सीताबर्डी बाजारातून) डीएस18बी20 हे तापमानाचे छोटे सेन्सर आणले. त्यांनी अचानक 85 दाखवलं तर घाबरू नका. वीज मिळाल्यावर मोजमाप होण्याआधी तो हाच आकडा देतो, तेव्हा स्क्रिप्टमध्ये तो गाळा. 30 मे 2024 ला आपल्या शहरात एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले होते, ते सेन्सर बिघडल्यामुळे, असं हवामान खात्यानेच नंतर सांगितलं. एकट्या सेन्सरवर भरवसा नको. एका रॅकला दोन ठेवा.

आणखी एक. लाइन गेली की सर्व्हर यूपीएसवर चालूच राहतात, एसी मात्र बंद. लाइन परत आल्यावर तो आपोआप सुरू होतो का, हे मुद्दाम मेन स्विच पाडून बघून घ्या. आणि इशारा नुसत्या ईमेलने पाठवू नका. तो त्याच स्विचमधून बाहेर जातो, स्विचच बंद पडला तर अडकतो. मी सिमकार्डचा छोटा मोडेम वेगळा लावून एसएमएस सुरू केलाय.