डॉक्टाइप टाकला आणि हेडरला फटी पडल्या

साठ-एक पानांची जुनी साइट एचटीएमएल ५ वर, म्हणजे वेबपानं लिहायच्या भाषेच्या नव्या आवृत्तीवर, आणायची होती. सगळी पानं हाताने लिहिलेली, अक्षरांचं रूप ठरवणारे फॉन्ट टॅग (टॅग म्हणजे पानातल्या खुणा), मधे आणणारे सेंटर टॅग, टेबलात टेबल आणि वर डॉक्टाइपचा, म्हणजे पान कोणत्या नियमाने दाखवायचं ते ब्राउझरला सांगणाऱ्या पहिल्या ओळीचा, पत्ता नाही. व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे पानातल्या चुका तपासणाऱ्या साधनात, पहिलं पान टाकलं तर एररची रांगच लागली, आणि जवळजवळ प्रत्येकीच्या शेपटाला तेच, हे ऑब्सोलीट म्हणजे कालबाह्य आहे, सीएसएस (रंग-मांडणी वेगळी लिहायची भाषा) वापरा. अरे वापरतो ना, पण कसं वापरू ते तरी सांग!

फॉन्ट टॅग एका संध्याकाळी उरकले. साइज १ ते ७ असते, ३ म्हणजे मीडियम, त्याच्या खालीवर स्मॉल-लार्ज लावत जायचं. बीजीकलर म्हणजे पार्श्वभूमीचे रंगही सीएसएस फाइलमध्ये नेले. मार्की, तो सरकणारा मजकूर, तर मी आनंदाने उडवला.

मग शेवटी डॉक्टाइप टाकला आणि घोळ झाला. हेडरचं, म्हणजे पानाच्या माथ्याचं, चित्र सहा तुकडे करून टेबलाच्या सेलमध्ये बसवलेलं होतं, त्या प्रत्येक तुकड्याखाली तीन-चार पिक्सेलची पांढरी फट. सेलपॅडिंग (सेलच्या आतली जागा) शून्य, सेलस्पेसिंग (दोन सेलांमधली जागा) शून्य, बॉर्डर शून्य, तरी फट आहे तिथेच. दोन दिवस मी पॅडिंग शोधत बसलो, चित्रं परत कापली, सांगायला लाज वाटते पण मायनस मार्जिन देऊनही पाहिलं. मग कळलं की इतके दिवस डॉक्टाइप नव्हता म्हणून ब्राउझर क्वर्क्स मोडमध्ये होता, म्हणजे जुन्या पानांचे लाड करत होता. आता तो नियमाने वागायला लागला, आणि नियमाने चित्र म्हणजे ओळीतलं एक अक्षर, ते बेसलाइनवर, म्हणजे अक्षरांच्या तळरेषेवर, बसणार आणि खाली उकाराला लागते तेवढी जागा सुटणार. चित्रांना सीएसएसमध्ये डिस्प्ले ब्लॉक दिलं, म्हणजे ती ओळीतलं अक्षर न राहता वेगळा ठोकळा झाली, फटी गेल्या. एका ओळीचं काम होतं हो!

त्यात अर्ध्या टेबलांचे रंगही गायब. मूळ माणसाने रंगाचे कोड पुढे हॅश (#) न लावता लिहिले होते आणि मी ते तसेच सीएसएसमध्ये चिकटवले. क्वर्क्स मोडमध्ये तेही खपून गेलं होतं, डॉक्टाइप आल्यावर ब्राउझरने त्या ओळी गुपचूप सोडून दिल्या. म्हणून सांगतो, डॉक्टाइप सगळ्यात आधी टाका आणि मग टॅगना हात लावा. मी उलटं केलं, त्यामुळे कशाने काय मोडलं तेच कळेना.

सेंटरचं राहिलंच. टेक्स्ट-अलाइन सेंटरने मजकूर मधे येतो, टेबल मात्र डावीकडेच राहतं, त्याला डाव्या-उजव्या बाजूला मार्जिन ऑटो वेगळं द्यावं लागतं.

आणि चीड कशाची येते, तर फॉन्ट आणि सेंटर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्येच डेप्रिकेटेड झालेत, म्हणजे वापरू नका असं सांगून टाकलंय. पण लिहिणाऱ्याने वापरायचं नाही आणि ब्राउझरने मात्र दाखवत राहायचं असा कारभार, मग चालतंय त्याला हात कोण लावणार? ब्लिंक, तो लुकलुकणारा मजकूर, तेवढा खरंच मेला.

फारच घाई असेल तर एचटीएमएल ४.०१ ट्रान्झिशनलचा (जुने टॅग चालवून घेणाऱ्या प्रकाराचा) पूर्ण डॉक्टाइप टाका, यूआरएलसकट. त्यात ब्राउझर निम्माच कडक होतो आणि सेलमधल्या चित्रांना फटी पडत नाहीत. व्हॅलिडेटर मात्र त्या डॉक्टाइपवरसुद्धा कुरकुर करतो.