केळघर घाट उतरण्याआधी हे वाचा: सातारा जिल्ह्यातल्या दोन दिवसांच्या सायकल शर्यतीचा वृत्तांत

शनिवारी रात्री पाचगणीत शर्यतीच्या बैठकीत सांगितलं गेलं, "केळघरचा रस्ता एकदम मक्खन आहे. बिनधास्त सोडा सायकली." रविवारी सकाळी पावणेआठला महाबळेश्वरहून मेढ्याकडे उतरणाऱ्या त्याच घाटात आमचे डॉक्टर साइडपट्टीवर बसून कोपरात रुतलेली खडी चिमट्याने काढत होते. त्यांच्या खाली दोन वळणांवर मास्तर फाटलेला टायर हातात धरून उभे होते. घरी येऊन दोन दिवस झाले तरी माझी मनगटं अजून दुखतायत आणि राग गेलेला नाही. पुढच्या हिवाळ्यात जे कोणी या शर्यतीला जाणार आहेत त्यांनी बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, पण केळघरचं नक्की वाचा.

आम्ही चौघे सांगलीचे. मी, शाळेत शिकवणारे मास्तर, दातांचे डॉक्टर आणि माझा तेवीस वर्षांचा पुतण्या. सपाटीवरची माणसं आम्ही. चढाच्या सरावाला फार तर दंडोबाचा डोंगर. तीन महिने आठवड्याला २०० किलोमीटर मारले आणि चढ सोपा जावा म्हणून मागच्या चाकावरची कॅसेट, म्हणजे दातेरी चक्रांचा संच, ३२ दातांपर्यंतची करून घेतली. पायांची तयारी पुरेशी होती. उतरण्याचा सराव मात्र एक दिवसही केला नाही, आणि मला भेटलेल्या दुसऱ्या कुठल्याच हौशी संघाने केला नव्हता. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाटात जो पहिला वर येतो त्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. आपल्याकडे सगळं कौतुक चढणाऱ्याचं. उतारावर काय करायचं हे कोणी शिकवत नाही आणि विचारतही नाही.

शर्यत तीन टप्प्यांची. शनिवारी पहाटे वाईतून पसरणी घाटाने पाचगणी, दुपारी धोम धरणाच्या रस्त्यावर टाइम ट्रायल, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध मारायची शर्यत, आणि रविवारी मोठा टप्पा: पाचगणी, महाबळेश्वर, केळघर घाट, मेढा, सातारा आणि शेवटी यवतेश्वराचा चढ. रविवारचं अंतर सुमारे ८० किलोमीटर. तिन्ही टप्प्यांच्या वेळेची बेरीज करून क्रमांक लागतो. संघाचं गणित वेगळं आहे. प्रत्येक टप्प्यावर संघातल्या पहिल्या तिघांच्या वेळा मोजतात, चौथ्याची सोडून देतात. म्हणजे एक गडी पडला तरी चालतं. दोन पडले की संघ बाद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

शनिवारचं फार सांगत नाही. पसरणी घाट १२ किलोमीटर, साडेपाचशे मीटरच्या आसपास चढाई. चढ एकसारखा आहे, लय सापडली की सापडली. आम्ही तिघे ४५ ते ५० मिनिटांत वर, पुतण्या ३९ मिनिटांत. धोमचा रस्ता सपाट आणि सुंदर. डिसेंबरात ऊसतोड जोरात असते, त्यामुळे ट्रॅक्टरमधून पडलेली उसाची कांडी आणि पाचट रस्त्यावर असतं, तेवढं बघा. टाइम ट्रायलला पुढे वाकून धरायचे एरोबार चालत नाहीत, साधं हँडलच लागतं. हे आम्हाला तिथे जाऊन कळलं. डॉक्टरांनी नवे बार बसवून आणले होते, ते सुरुवातीच्या रेषेवर काढावे लागले. नियमपत्रिका आधी मागून घ्या, दिली नाही तर परत मागा.

आता रविवार.

सकाळी साडेसहाला पाचगणीतून सुटलो तेव्हा बोटं वाकत नव्हती. जर्सीच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी घातली होती आणि उतारावर तिचा फार उपयोग झाला. तुम्हीही घाला, विंडचीटरपेक्षा सोपं आणि खाली गेल्यावर खिशात कोंबता येतं. महाबळेश्वरपर्यंतचे १९ किलोमीटर घोळका एकत्रच होता. सकाळी पर्यटकांच्या गाड्या नव्हत्या. स्ट्रॉबेरीचे मळे, धुकं वगैरे सगळं आहे, पण शर्यतीत पुढच्याच्या चाकाशिवाय काही दिसत नाही.

महाबळेश्वर सोडून मेढ्याच्या रस्त्याला लागलं की पहिले तीन-चार किलोमीटर खरोखर गुळगुळीत. नवं डांबर, पांढरे पट्टे, रुंद वळणं. घात इथेच होतो. बैठकीत रस्त्याची हमी देणाऱ्याने बहुतेक एवढाच भाग पाहिला असावा, किंवा चारचाकीत बसून पाहिला असावा. चारचाकीतल्याला खडी जाणवत नाही. ५५-६०चा वेग सहज लागतो, सगळे हँडलच्या खालच्या भागाला धरून वाकलेले, आणि मनात एकच विचार, की पसरणीत गेलेली मिनिटं इथे भरून काढू.

मग एका डाव्या वळणानंतर डांबर संपतं. त्याआधी फलक नाही, झेंडा घेतलेला स्वयंसेवक नाही. मोऱ्यांचं काम चालू आहे, त्यासाठी रस्ता अर्धा-अर्धा खणलाय आणि उरलेल्या अर्ध्यावर खडी पसरून मुरूम टाकलाय. या डोंगरावर वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. दर पावसाळ्यात दरडी येतात, मोऱ्या वाहून जातात आणि हिवाळ्यात दुरुस्तीची कामं निघतात. त्यामुळे काम चालू असण्याबद्दल माझी तक्रार नाही, ते व्हायलाच पाहिजे. तक्रार ही आहे की साठ-सत्तर माणसांना साठच्या वेगाने त्या खडीवर सोडलं आणि आदल्या रात्री मक्खन म्हणून सांगितलं. असे तुकडे एक-दोन नाहीत. केळघर गाव येईपर्यंत मी सात मोजले. सगळे मिळून तीन किलोमीटर भरतील.

डॉक्टर दुसऱ्या तुकड्यावर पडले. माझ्यापुढे तीस मीटरवर होते, म्हणून मी नीट पाहिलं. वळणात सायकल झुकलेली असताना खडी आली आणि त्यांनी पुढचा ब्रेक दाबला. चाक जागच्या जागी थांबलं आणि ते डाव्या कोपरावर सरकत कठड्यापर्यंत गेले. कठडा होता म्हणून कोपरावर निभावलं. मागच्या वळणावर कठडाही नव्हता. मी थांबलो तर त्यांनी हात करून "जा, जा" म्हटलं. दहा मिनिटांनी मार्शलची मोटारसायकल त्यांच्यापर्यंत आली. तोवर चिमटा वापरून ते स्वतःच स्वतःवर उपचार करत होते.

आता संघात तिघेच उरले आणि तिघांनीही पोचणं भाग होतं. नेमके तेव्हाच मास्तर पुढे सापडले. मागच्या टायरला बाजूने बोटभर चीर, आत ट्यूबचा फुगा बाहेर डोकावतोय. एक ट्यूब त्यांनी आधीच बदलली होती. नवी ट्यूब घातली तरी त्या चिरेतून पुन्हा बाहेर येणार, हे उघड होतं. मास्तरांनी खिशातून दहाची नोट काढली, चार घड्या घातल्या आणि टायरच्या आतून चिरेवर बसवली. वर माझी ट्यूब, हवा ६० पीएसआयच्या वर नाही. अंगठ्याने दाबून बघितलं, नोटेची घडी टायरला चिकटून बसली होती. हा जुना उपाय आहे, मला ऐकून माहीत होता, पण एवढ्या घाईत आठवला नसता. नोटेचा कागद चिवट असतो, फाटत नाही. बिस्किटाच्या पुड्याचा कागदही चालतो, पण सोबत एक नोट ठेवाच.

खालून पुतण्याचा फोन आला. "काका, थांबू का?" "थांबू नकोस, तू जा!" असं ओरडलो. त्याची वेळ संघाला हवी होती. आम्हाला तिथे नऊ मिनिटं लागली.

ज्यांना हा घाट उतरायचाय त्यांना माझं सांगणं ऐका. शुक्रवारी दुपारीच या. साताऱ्याहून मेढा-केळघर मार्गे गाडीने वर या, म्हणजे सगळा उतार उलट्या बाजूने डोळ्यांखालून जाईल. खडीचे तुकडे कुठल्या वळणानंतर आहेत ते मोबाइलमध्ये लिहून ठेवा. वाटेत जीपवाल्याला, चहावाल्याला विचारा. आम्हाला पाचगणीतल्या एका जीपवाल्याने शनिवारी संध्याकाळी सांगितलं होतं, "खाली काम चाललंय, सांभाळून जा." बैठकीतल्या माणसावर विश्वास ठेवला आणि त्याच्यावर ठेवला नाही, ही चूक माझी.

टायर २५ मिलिमीटरचे असतील तर ते घरीच ठेवा. २८ घाला, सायकलच्या फोर्कात जागा असेल तर ३०. हवा १०० भरायची सवय असेल तर ७०-७५ वर आणा. चढावर दोन-चार सेकंद जातील, जाऊ देत. रिमवर घासणारे ब्रेक असतील तर पूर्ण उतारभर हलके दाबून धरू नका, रिम तापते आणि ट्यूब फुटते. वळणाआधी सरळ असताना दोन्ही ब्रेक जोरात दाबा, वेग पाडा आणि वळणात सोडून द्या. सहाशे मीटरच्या वर उतार आहे, पॅड अर्धे झिजलेले असतील तर बदलूनच या. माझे डिस्क ब्रेक होते म्हणून हात वाचले, रिम ब्रेकवाल्यांच्या बोटांत खाली पोचल्यावर त्राण नव्हतं. आणि खडी आलीच तर सायकल सरळ करा, पुढच्या ब्रेकवरून बोटं काढा, बूड सॅडलवरून थोडं उचला आणि तिला तिच्या वाटेने जाऊ द्या. ती पार होते. झुकलात किंवा घाबरून दाबलात तर डॉक्टरांसारखं होतं.

दोन ट्यूब प्रत्येकाकडे हव्यात. मदतीची गाडी मागे आहे असं समजू नका. एवढ्या सगळ्यांना मिळून एक पिकअप होता आणि तो सगळ्यात पुढच्या घोळक्यामागे होता, म्हणजे ज्यांना गरज सगळ्यात कमी त्यांच्यामागे. आम्ही स्वतःची जीप ठरवली होती. बोली झाली ४,००० रुपयांची, सुटताना मागितले ५,५००. घाटात थांबण्याचे वेगळे, म्हणे. मी ४,५०० दिले आणि निघालो. थांबण्याचं, डॉक्टरांना सातारच्या दवाखान्यात नेण्याचं, सगळं आधी बोलून कागदावर घ्या.

केळघरपासून मेढा आणि पुढे वेण्णेच्या काठाने कण्हेर धरणाकडे रस्ता चांगला आहे. मास्तर आणि मी एक-एक किलोमीटर आळीपाळीने पुढे राहिलो. पुढच्याच्या चाकामागे राहिलं की वाऱ्याला तोंड द्यावं लागत नाही, दोघांत हे केलं तरी वेग ३४-३५ टिकतो. मेढ्याच्या पुढे कोल्हापूरच्या पोरांचा चौघांचा घोळका मागून आला आणि त्यांनी न विचारता आम्हाला जागा दिली. "काका, मागं बसा, दम घ्या," एवढंच म्हणाले. त्या पोरांची नावंही विचारायची राहिली. त्यांच्याशिवाय आम्ही वेळेत पोचलो नसतो.

वेळेची मर्यादा आहे, हे विसरू नका. पहिल्याची वेळ अधिक ३० टक्के. पहिला २ तास २० मिनिटांत आला, म्हणजे आम्हाला ३ तास २ मिनिटांच्या आत वर पोचायचं होतं. साताऱ्यात शिरलो तेव्हा मास्तर घड्याळाकडे बघून काही बोलले नाहीत. यवतेश्वराचा चढ पसरणीपेक्षा लहान, पण उभा. सातारा हिल हाफ मॅरेथॉन याच घाटातून धावतात, त्यामुळे सातारकरांना धापा टाकणारी माणसं नवीन नाहीत. बायाबापड्या रस्त्याच्या कडेला उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्या वळणावर मास्तरांच्या पोटऱ्यांत गोळे आले. ते उतरले नाहीत. पुढे ३४ आणि मागे ३२ दातांच्या सगळ्यात हलक्या गिअरवर, तासाला आठच्या वेगाने, एक-एक पेडल मोजत वर आले. खाली सातारा आणि अजिंक्यतारा दिसत होता, ते मला नंतर फोटोत कळलं.

२ तास ५७ मिनिटं. पुतण्या २ तास ३१ ला आला होता. आम्ही रेषा ओलांडली तेव्हा तो ओरडत धावत आला आणि मास्तरांना सायकलसकट मिठी मारली. संघ अकरांत सातवा. मी ४६ वर्षांचा आहे आणि इतका आनंद मला कितीतरी वर्षांत झाला नव्हता, म्हणून पुढच्या वर्षी जाणारच.

पण आयोजकांना मी पत्र लिहिलंय. महाबळेश्वर ते केळघर हा उतार वेळेतून वगळा: वर घड्याळ थांबवा, खाली पुन्हा सुरू करा. ज्याला सावकाश उतरायचंय त्याने सावकाश उतरावं, कोणाचंच नुकसान नाही. ते जमत नसेल तर प्रत्येक खडीच्या तुकड्याआधी शंभर मीटरवर पिवळा झेंडा घेतलेला माणूस उभा करा. सात तुकडे, सात माणसं. एवढी माणसं बक्षीस समारंभाच्या मंचावरच होती. "विचार करू" असं उत्तर आलंय.

डॉक्टरांच्या कोपराला चार टाके पडले, हाड शाबूत आहे. मास्तरांनी टायर बदलला. आतली नोट काढली तेव्हा तिच्यावर चिरेचा काळा वण उमटला होता आणि घडीतून ती कुठेही फाटली नव्हती.